बुटकीची खिडकी

ती. बाबा,

"राहू दे तशीच, आमच्या घरात एक बुटकी आहे," असं तुम्ही गवंडीकाकांना म्हणाला होतात. तुमच्या पहिल्या इमारतीच्या जिन्यातली खिडकी त्यांनी चुकून फार खाली बसवली होती आणि ते ती फोडायला निघाले होते. पाच वर्षांच्या मला त्या खिडकीतून पहिल्यांदा कुणाच्या कडेवर न बसता रस्ता दिसला.

पुढे तुम्ही बांधलेल्या प्रत्येक जिन्यात एक ठेंगणी खिडकी आली. कुणी विचारलं तर "हवा खेळते" म्हणायचात.

नगराध्यक्ष झाल्यावर धोकादायक घरं रिकामी करायचा नियमही तुम्हीच केलात. आता त्या यादीत तीच पहिली इमारत आहे. बाकी सगळे गेले, तिसऱ्या मजल्यावर तुम्ही एकटे उरलात. "नियम राहणाऱ्यांना, बांधणाऱ्याला नाही," असं काल मलाच ऐकवलंत. मी हसले. जिन्यातल्या भेगेत माझा हात गेला, तेव्हा मात्र रडले.

समोर आले की मी फक्त तुमच्या गुडघ्याचं विचारते, म्हणून हे पत्रही पर्समध्येच राहील. माझ्या घरी तळमजल्यावरच्या खोलीत मी तशीच खिडकी बसवून घेतली आहे. गवंडी म्हणाला, "ताई, माप चुकलंय." चुकलेलं नाही, बाबा. खुर्चीत बसलेल्या माणसाला तिच्यातून रस्ता दिसतो.

सोमवारी गाडी आणते. तुम्ही "बघू" म्हणाल, आणि तुमच्या "बघू"चा अर्थ अख्ख्या गावाला ठाऊक आहे. तरी एकदा तिथे बसून बघाल?

तुमची,
बुटकी