पाइप नसलेली पट्टी

बाबा,

पायवाट झाली. आपल्या गल्लीच्या बंद टोकाला, शेवटच्या दोन घरांच्या मधून, थेट मोठ्या रस्त्यावरच्या, दुकानांच्या प्लाझापर्यंत. दहा फुटांची पट्टी, मधोमध डांबर, दोन्ही बाजूंना गवत आणि निम्म्या वाटेवर एक बाक. तीर्थरूप वगैरे लिहून सुरुवात करणार होते, पण तुम्हाला जाऊन चोवीस वर्षं झाली. एवढ्या उशिरा लिहायला बसलेल्या मुलीने साष्टांग नमस्कार घातला तर तुम्ही चष्म्यावरून बघाल, म्हणून राहू दिलं. मी इथल्याच टाउन ऑफिसात प्लॅनर आहे, हे तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मी डेंटिस्ट होणार असं तुम्ही सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. दात राहिले बाजूला, मी रस्त्यांच्या मागे लागले. त्याला कारण तुम्हीच. शाळेचा अभ्यास झाला की तुम्ही जेवणाच्या टेबलावर ट्रेसिंग पेपर पसरायचात, माझ्या हातात ते तीन धारांचं स्केल द्यायचात आणि विचारायचात, "हं, या घरातून निघालीस, शाळेत कशी जाशील?" मी बोट फिरवायचे. मग तुम्ही म्हणायचात, "आता पायांनी जाऊन ये आणि मग सांग."

तुमचं ते सर्व्हे ऑफिस मला अजून दिसतं. हायवेच्या कडेला बुटकी इमारत, आत सहा तिरकी टेबलं, आणि काचेच्या खोलीत तुमचे साहेब. साहेब दुसऱ्या महायुद्धातून परत आलेले. युरोपात चिखलातून महिनोन् महिने पायी चाललेले. त्यांचं म्हणणं एकच होतं, ते तुम्ही घरी त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायचात: "आय वॉक्ड इनफ फॉर एव्हरीबडी." म्हणजे, सगळ्यांच्या वाट्याचं मी चाललो, आता माझ्या माणसाला चालायला लागू नये. त्याला स्वतःचं घर हवं, पुढे लॉन, बाजूला ड्राइव्हवे, त्यात गाडी. कारखाने धडाधड निघत होते, परतलेल्या शिपायांची पोरं मोठी होऊन संसार थाटत होती, आणि कालपर्यंत जिथे सफरचंदाच्या बागा होत्या तिथे तुम्ही दोन-दोनशे घरांची वस्ती कागदावर उतरवत होता. फुटपाथ आखला की साहेब तो खोडायचे. हे मी आता चेष्टेने सांगत नाही. मला कॉलेजात त्यांच्या पिढीला हसायला शिकवलं, पण मला ते साहेब आठवतात ते त्यांच्या कोटासकट. पहिल्या थंडीत तुम्ही पुण्याहून आणलेला पातळ ओव्हरकोट घालून कामावर गेलात, तेव्हा त्यांनी स्वतःच्या अंगातला जाड लोकरी कोट काढून तुमच्या खुर्चीवर टाकला आणि म्हणाले, "डोन्ट आर्ग्यू." तो कोट अजून आपल्या घराच्या बेसमेंटमधल्या कपाटात आहे.

तेव्हा आपण साहेबांनीच बसवलेल्या जुन्या वस्तीत, एका बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होतो. मी चार वर्षांची. गाडी तुम्ही घेऊन जाणार, आई आणि मी घरात. दुकानाची पाटी मागच्या आवारातून दिसायची, पण तिथे पोचायचं तर वळणावळणाच्या गल्ल्यांतून पाऊण मैल. एके दिवशी दूध संपलं. आईने साडीवर तुमचा स्वेटर चढवला, पायात बूट, मला हाताला धरलं आणि बर्फाच्या कडेकडेने निघाली. बाई आणि पोर रस्त्यावरून चालतंय हे दृश्य इतकं नवलाचं, की पोलिसांची गाडी थांबली. तो तरुण पोलीस फार भला होता. खाली उतरून त्याने विचारलं, "मॅम, आर यू लॉस्ट?" आईला लॉस्टचा अर्थ माहीत होता. तिने मान हलवली, "नो, मिल्क." त्याने आम्हाला गाडीत बसवून दुकानात नेलं आणि दुधासकट घरी आणून सोडलं. मला तर मजाच वाटली. संध्याकाळी आईने तुम्हाला हे सांगितलं तेव्हा ती हसत होती, आणि तुम्ही घास तसाच हातात धरून बसला होता. मला वाटलं तुम्ही रागावलात.

पुढची वस्ती तुम्ही आखलीत आणि आपण तिथेच घर घेतलं. त्या नकाशात शेवटच्या दोन घरांच्या मध्ये दहा फुटांची पट्टी होती, टाउनच्या नावे, पावसाच्या पाण्याच्या पाइपसाठी. साहेबांनी सही केली, नकाशाची नोंद झाली. काम सुरू झाल्यावर लक्षात आलं, की जमिनीचा उतार उलट्या दिशेला आहे आणि पाइप रस्त्याखालूनच गेला आहे. पट्टीत घालायला पाइपच नाही. साहेबांनी तुम्हाला सगळ्यांसमोर उभं केलं आणि झापलं. दोन घरं थोडी मोठी झाली असती, जागा फुकट गेली. तुम्ही म्हणालात, "सॉरी सर, माय मिस्टेक." चीफ ड्राफ्ट्समनची जागा तुम्हाला मिळायची होती ती तुमच्या मागून आलेल्याला मिळाली, आणि तुम्ही शेवटपर्यंत त्याच तिरक्या टेबलावर राहिलात. ही गोष्ट आपल्या लोकांत पसरायला कितीसा वेळ? गणपतीला कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये जमलो की काका मंडळी सुरू व्हायची, "या पाइपवाले, या." तुम्ही सगळ्यांच्या आधी हसायचात. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पंधरा-सोळा वर्षांची असताना मी तुम्हाला भर स्वयंपाकघरात म्हणाले होते, "बाबा, यू कान्ट ईव्हन ड्रॉ अ ड्रेन." तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "पोहे गार होतायत." एवढंच.

आणि गंमत बघा, ज्या पट्टीची मला लाज वाटत होती तिच्यातूनच मी रोज शाळेच्या बसला जायचे. आई त्यातूनच प्लाझात जायची, चाकांची पिशवी ओढत, सात मिनिटांत. इतर वस्त्यांतल्या मावशांना नवऱ्याच्या सुट्टीची वाट बघावी लागायची. आई मनात आलं की निघायची. पुढे दोन्ही बाजूंच्या घरांनी हळूहळू कुंपणं पट्टीत सरकवली, तुम्ही गेलात, आणि वाट बुजली.

आता इकडचं ऐका. देशाचं मन बदललं. साहेबांनी ज्याच्यावर काट मारली तेच मला पगार देऊन आखायला लावतात. शहरात जाणाऱ्या गो ट्रेनच्या स्टेशनापाशी काँडोंच्या उंच इमारती उभ्या राहतायत, रुंद रस्ते अरुंद करून आम्ही सायकलींना जागा देतोय, आणि रिपोर्टात 'वॉकेबल' हा शब्द मिठासारखा घालावा लागतो. खरं कारण साधं आहे. तिशीत गाडीच्या भरवशावर ज्यांनी घरं घेतली ते आता सत्तरी-ऐंशीला आले आणि त्यांची लायसन्स एकेक करून जायला लागली. प्लाझा समोर दिसतो आणि जाता येत नाही. आईसारखी चाळीस माणसं तरी आपल्याच वस्तीत आहेत. मी जुने नकाशे काढले तर तुमची पट्टी तिथे होती, टाउनच्या नावे, तुमच्या त्या सरळ, बारीक अक्षरांत. मी पायवाटेचा प्रस्ताव केला. दोन्ही शेजाऱ्यांनी वकील दिला. त्याचा मुद्दा सोपा होता: जागा पाइपसाठी दिली, पाइप नाही, तेव्हा जागा परत करा. प्रस्ताव टाउन कौन्सिलच्या मीटिंगला जाण्याआधी माझ्या मॅनेजरने विचारलं, "देन व्हॉट वॉज इट फॉर?" मी म्हटलं, बघते.

आई थालीपिठं थापत होती. मी म्हटलं, "बाबांच्या त्या चुकीचं सगळं परत निघालंय." तिने हात थांबवला. "चूक? यांची? अगं, यांचा उतार कधी चुकला नाही. आयुष्यात एकच चूक केली, तीही ठरवून." मग तिने सांगितलं. त्या पोलिसाच्या दिवसानंतर तुम्ही तिला विचारलं होतं, सामानाची पिशवी घेऊन, पोरीला धरून, थंडीत किती वेळ चालशील? ती म्हणाली, दहा मिनिटं. तुम्ही मनगटावरचं घड्याळ लावून तिला बर्फात चालायला लावलंत, पावलं मोजलीत. फुटपाथ म्हणून आखला तर साहेब खोडणार, म्हणून पाइप लिहिलंत. कुणाला कळलं असतं तर जमीन परत गेली असती आणि नोकरीही. "मला शपथ घातली होती," आई म्हणाली. "पण आता कोण राहिलंय? तू सांग मीटिंगमध्ये. सगळ्यांना सांग. पाइपवाले म्हणायचे माझ्या नवऱ्याला." तिने थालीपीठ तव्यावर आपटलं. मी तिला असं फार थोडं बघितलंय.

मी आमच्या लीगलवाल्यांना आडून आडून विचारलं. ते म्हणाले, ड्राफ्ट्समनची चूक असेल तर बिनधास्त, नोंद झालेली जमीन टाउनचीच. पण मुद्दाम खोटं कारण लिहिलं असं निघालं, तर प्रकरण कोर्टात जाईल आणि वर्षं लागतील. आईकडे किती वर्षं आहेत, बाबा? वॉकर धरून चालते ती. मी दोन दिवस रिपोर्ट उघडून नुसती बसले. मग लिहिलं: सदर पट्टी ही त्या काळच्या ड्राफ्ट्समनची चूक दिसते, तरी जमिनीची मालकी टाउनकडेच आहे. खाली सही केली. लग्नानंतरचं आडनाव वेगळं, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. मीटिंगमध्ये तेच वाक्य मला वाचून दाखवावं लागलं. वकील देणाऱ्या दोघांतले म्हातारबुवा वाईट नव्हते, बायकोने त्या पट्टीवर लावलेल्या डेलियांचं काय होणार एवढंच ते विचारत होते. मग मतदान झालं आणि पायवाट मंजूर झाली. आई मागच्या रांगेत बसली होती. तिला सगळं इंग्रजी कळतं. गाडीत पट्टा लावताना म्हणाली, "बरं बोललीस. यांच्यासारखंच." थोड्या वेळाने म्हणाली, "सॉरी सर म्हणायचं तेवढं राहिलं." मला हसू आलं आणि रडूही. सिग्नल हिरवा झाला तरी मी तशीच थांबले होते, मागच्याने हॉर्न दिला.

मला तुमचे आभार मानायचे आहेत. आईला बाहेर पडता आलं, मला शाळेला जाता आलं, आता त्या चाळीस माणसांना दूध आणता येईल, हे सगळं तुम्ही एका खोट्या शब्दावर उभं केलंत आणि त्याबद्दल हसं करून घेतलंत. मी तुम्हाला जे बोलले त्याला तुम्ही पोह्यांनी उत्तर दिलंत. मी तुमची मुलगी आहे याचा मला आज फार अभिमान वाटतो, आणि हे मला कुठल्याही मीटिंगमध्ये म्हणता येत नाही. हे पत्रसुद्धा ऑफिसच्या फाइलीला लावता येणार नाही, वकिलाच्या हाती पडलं तर संपलंच. म्हणून घडी करून बेसमेंटमधल्या त्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवते. तिथे तुमची एक आखूड झालेली पेन्सिल आहे, तिला सोबत होईल.

एक सांगायचं राहिलं. शनिवारी आई पहिल्यांदा पायवाटेने प्लाझात गेली. वॉकर घेऊन तिला एकोणीस मिनिटं लागली. बाकावर बसली, म्हातारबुवांशी बोलली, दुधाच्या पिशव्या घेतल्या. मला हे सगळं तिनेच सांगितलं. "तू पण चल" म्हणत होती, तर मी म्हटलं, पिशव्या जड होतील, मी गाडी घेऊन पलीकडे थांबते. पिशव्या जड नव्हत्या. बाबा, जिला मी भर मीटिंगमध्ये तुमची चूक म्हटलं, त्या वाटेवरून मी अजून चाललेले नाही.