उमाचं बारसं होईपर्यंत

१२ फेब्रु. २००६
कविताला चौथा महिना. सकाळी दोन डोसे खाल्ले आणि पोटात राहिले, म्हणून घरात सण. मुलगा निखिल आणि सून, दोघंही जन्मापासून बहिरे. नुंगंबाक्कमच्या डॉक्टरबाईंनी दोघांचं रक्त घेतलं, आमचंही मागितलं. सौ. म्हणते, "आपलं कशाला? आपल्याला तर ऐकू येतं." हिला शेजारच्या घरातलंही येतं. (बोललो नाही.)

३ मार्च
रिपोर्ट आले. बाई कागदावर चित्र काढत, लिहीत गेल्या; निखिल-कविता वाचत होते. शेजारशेजारच्या पेशींमध्ये बारीक दारं असतात, एकीतलं दुसरीत जायला. ती बनतात कनेक्झिन नावाच्या प्रथिनाची. त्यातलं सव्वीस नंबरचं कानात लागतं. ते बिघडलं की दारं नीट बनत नाहीत, पोटॅशियम पुढे सरकत नाही, आतला कान काम करत नाही. बाकी तब्येत ठणठणीत.
निखिलकडे त्या जनुकाची बिघडलेली एक प्रत माझी, एक सौ.ची. आम्हा दोघांकडे एकेक चांगली आहे, म्हणून आमचं भागलं. कविताच्याही दोन्ही बिघडलेल्या. म्हणजे बाळ...
"जवळजवळ नक्की," बाईंनी लिहिलं.
कविताने निखिलकडे बघितलं, खांदे उडवले, हसली.
येताना मांबलम स्टेशनच्या जिन्यात सौ. मधेच थांबली. "म्हणजे ग्रहणाचं काही नव्हतं?" निखिलच्या वेळी ग्रहणात विळीवर भाजी चिरलीन, हे माझी आई शेवटपर्यंत ऐकवत होती.
"काही नव्हतं. अर्धं माझं, अर्धं तुझं."
लोक मागून ढकलत होते. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली. हलकीच होती. "चला," म्हणाली.

१९ मार्च
सौ.ने पेपरचं कात्रण निखिलपुढे ठेवलं. लहानपणीच कानात ऑपरेशन करून यंत्र बसवतात, पोरं बोलायला लागतात. कविताने वाचलं. मोबाइलवर टाइप करून सौ.पुढे धरलं: "अम्मा, माझ्यासारखं बाळ चालणार नाही?"
सौ. रडायला लागली. मग समजूत कविताच काढत बसली.
निखिल एकटाच गॅलरीत. मला खुणा मोडक्यातोडक्या येतात, तरी समजलं. ऑफिसात मीटिंग असली की हा भिंतीकडे बघत बसतो. सगळे हसले की उशिरा हसतो. "बाळाला तसं नको." मी विचारलं, कविताला हे सांगितलंस का? त्याने मान हलवली, नाही.

२ एप्रिल
निखिलने तिला सांगितलं. खोलीचं दार उघडं होतं. चार हात नुसते भांडत होते. शेवटी कविताने दिवा बंद केला, म्हणजे वाद संपला. अंधारात हा काय बोलणार!

१४ मे
कविताच्या माहेरी वळैकाप्पु, म्हणजे त्यांच्याकडचं डोहाळजेवण. दोन्ही हात भरून काचेच्या बांगड्या. त्यांची किणकिण पोटातल्या बाळाने ऐकावी म्हणून घालतात. तिची आई भरता भरता थांबली, डोळे पुसले. कविताने हात पुढे केला, आणखी घाल. निखिलचा तळवा घेऊन बांगड्यांवर ठेवला आणि मनगट हलवलं. तो लाजला. पोरं बरी आहेत.

६ ऑगस्ट
मुलगी! रंग सौ.चा. नाक माझं, बिचारी.

९ ऑगस्ट
बाळ झोपेत असताना कानात बारीकशी नळी घालून तपासलं, ऐकू येतं का. अपेक्षित होतं तेच.
दुपारी सौ. पाळण्यामागे उभी राहून हळूच टाळी वाजवताना दिसली. मी दारातून मागे फिरलो. सकाळी मीही वाजवली होती.

१७ ऑगस्ट
बारसं. पुण्याहून मंजिरी आली, आत्या म्हणून मान तिचा. बाळाच्या कानाशी कुर्र करून नाव सांगायचं, तर ती अडली. "बाबा, कसं करू हो? वहिनीला वाईट वाटेल." शेवटी कवितालाच लिहून विचारलं. उत्तर: "कर की. गुदगुल्या तर होतील."
मंजिरीने कानाला ओठ लावून कुर्र केलं. बाळाने नाक मुरडलं. नाव उमा. कविताने निवडलंय, ओठांवर स्वच्छ दिसतं म्हणून. मग कविता वाकली. बाळाच्या हनुवटीवर खळी आहे, तिथे एक बोट टेकवून गर्रकन फिरवलं. हे उमाचं हातांतलं नाव. आम्ही सगळ्यांनी करून बघितलं. सौ.ने तर तीनदा.
संध्याकाळी निखिलने सांगितलं, ऑपरेशनवाल्या डॉक्टरांची पुढच्या महिन्याची वेळ घेतली आहे. मी कविताकडे बघितलं. तिने बराच वेळ उमाचं दुपटं सारखं केलं. मग मोबाइल घेतला.
"येईन. पण फक्त ऐकायला."
टाइप केलेलं स्वतःच पुन्हा वाचलं आणि तिलाच हसू आलं.