तुझ्या सायकलची घंटी

आई, तुझी लेडीज सायकल मी परत चालती करतेय. हसशील तू. तुझ्या लेकीला शिलाई मशीनची वादी बदलता येत नाही, ती सायकल काय उघडणार. पण ती पडून आहे तो गोठा दादा पाडतोय. शनिवारी चिखलीहून एसटीने घरी आले तर म्हणाला, "दिवाळीच्या आत चालली तं ठीव, नाई तं भंगारवाल्याले देऊन टाकतो." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, हात तर लावून बघ.

पैसे बेताचेच होते. रंग घ्यावा की टायर-ट्यूब, तर टायर घेतले. रंग तुझाच राहू दिला, पोपडे निघालेला. चेन घमेल्यात डिझेलमध्ये भिजत घातली, जुन्या टूथब्रशने एकेक कडी घासली. मागच्या चाकावर तू विणलेली सुतळीची जाळी होती. मला वाटलं कचरा, कापून टाकली. पहिल्याच फेरीत ओढणी चाकात गेली आणि मी गटाराच्या काठावर आडवी. साडी नेसून तू पांदणीच्या कच्च्या वाटेने गावोगाव कशी जायचीस, ते पडल्यावर समजलं. दादा दात काढून म्हणतो, "मायनं अक्कल लावली होती, तू कातर लावली." मग गुमान नवी जाळी विणली. तुझ्यासारखी घट्ट नाही झाली.

घंटी मात्र गंजून मुकी झाली होती. नवी बसवून पाहिली, पण तिचा आवाज खेळण्यातला. त्या घंटीवर तर आपली गल्ली जागी व्हायची. बाळंतपण उरकून तू येतेयस, डोळे तांबारलेले, पिशवी हँडलला. वळणावर घंटी वाजते आणि बाया दारात येतात. सगळ्यांत आधी कोपऱ्यावरची काकू, जिची चारही लेकरं तुझ्याच हातावर झाली. "कोन झालं वो बाई?" पोरगा असो की पोरगी, तुझा सूर तोच. पोरगी म्हटल्यावर कुणी तोंड वाकडं केलं की तू खाली उतरायचीस. "काऊन वो, तू काय पोरगा म्हनून जन्मली होती?" सरकारी नर्स होतीस, पण त्या वेळी तहसीलदारही तुझ्यापुढे उभा राहिला नसता. मला तुझा फार अभिमान वाटायचा. हे तुला कधी बोलून दाखवलं की नाही, आठवत नाही.

जुनीच घंटी उघडली, आतली चाकं डिझेलने धुतली, तेल सोडलं. काल तीच लावून निघाले आणि वळणावर वाजवली. काकूला आता दिसत नाही. भिंत धरत धरत दारात आली. "आल्या का वो बाई? कोन झालं?"

तू जाऊन किती वर्षं झाली, हे तिला सांगायला हवं होतं. मी खाली उतरले. म्हटलं, "पोरगी झाली. माय बरी हाय."

"बरं झालं माय," म्हणाली, आणि आत गेली.

दादा ओट्यावरून ऐकत होता. संध्याकाळी भंगारवाला आला, तर दादाने जुना कूलर देऊन त्याला वाटेला लावलं. मग सायकल उचलून ओसरीत घेतली.

हा कागद घडी करून सीटखाली खोचतेय, दुसरीकडे कुठे टाकणार. काकूशी खोटं बोलले गं. माय राहिली नाही, हे मला तिच्या दारात सांगवलं नाही.