लेण्याद्रीला कोणता गाईड घ्यावा

मंगळवार, २ फेब्रु. ९९
मामा जुन्नरहून आला, तो परत स्थळ घेऊनच. मुलगा विलास, बी.ए., लेण्याद्रीला गाईड. आई पीठाच्या हातानंच बाहेर आली. मी विचारलं, गाईड म्हणजे नक्की काय करतो? मामा म्हणाला, "आल्यागेल्याला लेण्यांची माहिती सांगतो. बोलण्यात लई हुशार!"
झालं. मागचा पण बोलण्यातच हुशार होता. कंपनीत परमनंट, परमनंट करत सुपारी फुटायच्या आदल्या दिवसापर्यंत आला आणि निघाला कंत्राटी. अण्णा कंपनीच्या गेटवर विचारायला गेले म्हणून कळलं, नाहीतर मी आज तिथं असते. ह्याचं तर पोटच बोलण्यावर.
१४ ला बघायला येणार.

गुरुवार, ४ फेब्रु.
पतसंस्थेत आज एकाची सही जुळेना. तो म्हणतो, "बाई, अख्खा माणूस समोर उभा हाय, सही काय बघता?" म्हटलं, सहीच बघणार. साहेब हसले. हसू देत.
येताना ओतूरच्या स्टँडवर डोक्यात आलं. तो १४ ला मला बघणार, तर मी ७ ला त्याला का बघू नये? आपण यात्रेकरू. गाईड करायचा, आणि तोच करायचा. त्याला काय माहीत मी कोण.
आत्याला सांगितलं. ती अण्णांची बहीण, आमच्यातच राहते, कुठं जायचं म्हटलं की चपला घालून तयार. "चल की! वैनीला काय सांगायचं?" जुन्नरला ब्लाऊजपीस आणायला.

रविवार, ७ फेब्रु.
गर्दी विचारूच नये. अष्टविनायकाच्या गाड्यांवर गाड्या, माकडं, नारळवाले. पायथ्याशी गाईड अंगावरच आले. एक म्हणतो, "माउली, लाईन मोडून दर्शन देतो." दुसरा म्हणतो, "त्याचं ऐकू नका, मी जुना माणूस." तिसरा बाजूला उभा राहून बाटलीतलं पाणी पीत होता. जुन्यानं हाक मारली, "विल्या, घे की तू पण गिऱ्हाईक!" हाच तो. निळा शर्ट, काळा पण बरा.
आत्या पुढं होऊन म्हणाली, "आमाला ह्योच पायजे." मला हसू आवरेना. आमच्याबरोबर त्यानं एक कुटुंब घेतलं, कोल्हापूरकडचं. त्यातले काका चढताना दर वळणाला बसायचे.
वर गणपतीपुढं माहिती छान सांगितली. गिरिजामातेनं इथं तप केलं, देव पाठमोरा आहे. पण प्रत्येक वाक्याला शेपूट, "असं म्हणतात". माझ्या लक्षात आलं. स्वतःची सुटका ठेवून बोलतो.
मग बाजूच्या मोठ्या लेण्यात. आत तो गोल घुमटासारखा दगड. काकांनी हात जोडले, "बघा, केवढी पिंड महादेवाची!" सगळ्यांनी नमस्कार केला, आत्यानं पण. हा गप्प. मी मुद्दाम विचारलं, "खरंच पिंड आहे का ही?"
त्यानं काकांकडं बघितलं. मग म्हणाला, "नाही. हा स्तूप आहे. बौद्धांचा. ही सगळी लेणी भिक्खूंची, गणपती मागून आले."
काका असे भडकले! "देवाच्या दारात असलं बोलतोस? आम्ही काय खुळे?" बायको आवरतेय, खाली ड्रायव्हर हॉर्न मारतोय. हा शांत. म्हणाला, "काका, नमस्कार केलात तो काय वाया जात नाय. पण पिंड नाय ती." काका तसेच तरातरा खाली उतरले. ह्यानं शब्द काही मागं घेतला नाही.
घरी आल्यापासून तेच डोळ्यापुढं. आवडलं मला. लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

बुधवार, १० फेब्रु.
गेलं सगळं पाण्यात. मामा संध्याकाळी आला. बोलता बोलता म्हणाला, "फोटो तर मी त्याला मागल्या महिन्यातच दिलाय. खिशात घालून फिरतंय बेणं."
म्हणजे मला ओळखत होता! पायथ्यापासून ओळखत होता. आणि मी डोक्यावर पदर घेऊन यात्रेकरू! मग ते सगळं, काकांसमोर न डगमगणं वगैरे, माझ्यासाठी होतं का? मुलगी बघतेय म्हटल्यावर कोण डगमगेल? आत्याला सांगितलं तर म्हणते, "मग काय झालं? तू बी नाटकच करत व्हतीस." तिला काही सांगण्यात अर्थ नाही.

रविवार, १४ फेब्रु.
आले. तो, त्याची आई, चुलता. पोहे, चहा. चुलत्यानं नेहमीचं विचारलं, शिक्षण, स्वयंपाक, नोकरी चालू ठेवणार का. मग म्हणाले, विलास, तुला काय विचारायचं ते विचार.
त्यानं सरळ माझ्याकडं बघितलं. "लेण्याद्रीला कधी आलात का?"
आई समोर, अण्णा समोर. मी म्हटलं, "नाही. योगच नाही आला."
आत्याला ठसका लागला. तो एवढंच म्हणाला, "या एकदा." चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. मला सांभाळून घेतलं, की मला पकडून ठेवलं? पुढं कधी भांडणात काढायला?
त्यांच्याकडून होकार आहे. आठवड्यात आमचं कळवायचंय.

मंगळवार, १६ फेब्रु.
कळंबच्या सुनंदाला फोन केला, कॉलेजची मैत्रीण. तिला तो ओळखत नाही. म्हटलं, रविवारी जा, त्यालाच गाईड कर, स्तूपाचं काय सांगतो ते ऐक. म्हणाली, "शोभे, लग्न करतीयेस का खटला चालवतीयेस?" पण जाते म्हणाली.

रविवार, २१ फेब्रु.
सुनंदा परस्पर इकडंच आली. "बुद्धाचं नावसुद्धा काढलं नाही गं. एका बाईनं त्या स्तूपावर बेल वाहिला, पिंड समजून. हा गप्प उभा."
धरला! मला वाटलंच होतं. आईला लगेच सांगायला उठले. तर सुनंदा म्हणते, "तू गेलतीस तेव्हा आपणहून बोलला व्हता का?"
"नाही. मी विचारलं."
"मग मला विचारायला कुठं सांगितलंवतंस?"
बसले परत.

सोमवार, २२ फेब्रु.
विचारलं तर खरं सांगतो, नाही विचारलं तर गप्प. असल्या माणसाला जन्मभर विचारतच बसायचं का? हे एक.
आणि मला त्यानं विचारलं होतं. एकच गोष्ट विचारली. अंगावर ओरडायला कुणी काका नव्हते, पोहे खात बसलेली आपलीच माणसं होती. तरी मी धडधडीत नाही म्हटलं. दिवसभर कामात चुका.
संध्याकाळी अण्णा निघाले एसटीडीवर, मामाला फोन करायला. "होय का नाय, एक सांग. आता लई ताणू नको."
म्हटलं, "माझं मी मागून सांगते. आधी त्याला निरोप द्या, ती लेण्याद्रीला आली होती म्हणावं. त्या दिवशी खोटं बोलली. आता त्याचं काय ते त्यानं सांगू दे."
अण्णांचा एक पाय चपलेत. "तू? कवा गेलतीस?"
आत आत्याची भांडी वाजायची थांबली. आई म्हणाली, "खोटं म्हंजे?" सगळं सांगितलं. अण्णा रागावले नाहीत. दुसरी चप्पल घातली आणि गेले.
बूथ काही लांब नाही. एव्हाना यायला हवे होते.