उकळलेलं पाणी

सोमवार, ४ मार्च
पोचले एकदाची. बसने हाडं खिळखिळी केली, पण खोली पाहून शीण गेला. आरोग्य केंद्राच्या मागेच आहे. लोखंडी खाट, एक टेबल, भरपूर उजेड. शंभर पावलांवर तळं. सगळं गाव तिथलंच पाणी पितं. प्रयोगशाळेतली बाई दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसते, म्हणून गाव तिला भिंगवाली म्हणतं. तिनेच चहा आणून दिला. केंद्रातल्या फोनवरून यांच्याशी बोलले. म्हणाले, लोकांच्या बायका माहेरी जातात, आमची जंतांकडे. चिऊला शाळेची सुट्टी लागली की बापलेक येणार आहेत.

बुधवार, ६ मार्च
ज्याच्यासाठी मला इथे पाठवलंय तो आजार म्हणजे नारूचाच भाऊबंद. पायाला फोड येतो, आग होते, माणूस पाय पाण्यात बुडवतो. फोड फुटतो आणि जंत हजारो पिल्लं पाण्यात सोडतो. ते पाणी प्यालं की पुढचा रोगी तयार. म्हणजे उपाय सोपा: रोग्याने तळ्यात उतरायचं नाही, बाकीच्यांनी पाणी उकळून प्यायचं. आज मी आणि भिंगवाली बावीस घरी हेच सांगून आलो. एक आजी कुरकुरल्या, सरपण काय झाडाला लागतं? मी म्हटलं, लागतं की! दोघी पोट धरून हसलो. उकळते म्हणाल्या, तू सांगतेस म्हणून.

सोमवार, ११ मार्च
केंद्रात नऊ रोगी. जंत काडीवर गुंडाळून रोज बोटभर बाहेर काढायचा, तुटू द्यायचा नाही. फार चिकाटीचं काम. त्यातल्या सुताराचं मात्र काही कळेना. आपणहून म्हणाला, बाई, मला खाटेला बांधून ठेवा. आग सोसत नाही का, विचारलं. म्हणाला, आग कसली, गार वाटतं. बोलावतंय ते. तापात बरळतोय असं वाटलं. पाहिला, ताप नव्हता. हट्टच धरला, म्हणून शेवटी दोराने बांधला.

बुधवार, १३ मार्च
सुतार गेला. भर दुपारी दोर दातांनी तोडून तळ्यात जाऊन बसला. गुडघाभर पाणी, आणि त्यात त्याने स्वतः तोंड खुपसलेलं. बाहेर काढला तेव्हा पायांत एकही जंत उरला नव्हता. जवळच दोन बायका घागरी भरत होत्या. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मी ओरडले तर एक शांतपणे म्हणाली, आम्ही उकळूनच पितो ना, तुम्हीच तर सांगितलंत.

शुक्रवार, १५ मार्च
सतरा नवे रोगी. सगळे आमच्या त्या बावीस घरांतले.
भिंगवालीने उकळून गार केलेल्या पाण्याचा थेंब काचेखाली ठेवला आणि मला बोलावलं. स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली. मी पाहिलं. जिवंत. कच्च्या पाण्यात सुस्त पडून असतात, उकळलं की जागे होतात. पाच मिनिटं उकळलं, वीस मिनिटं उकळलं. उलट जास्तच चपळ.
आजींकडे धावत गेले. चूल पेटलेली, घर उघडं. आजी तळ्यात, कंबरेपर्यंत. मला पाहून हसल्या.
मी घरोघर सांगितलं. मी.
आणि मीही तेच पितेय, पहिल्या दिवसापासून.

रविवार, १७ मार्च
डाव्या घोट्यावर फोड. वाटाण्याएवढा.
वरिष्ठांना परवाच कळवलं होतं, त्यांचं उत्तर आलं: तपासणीत चूक झाली असेल, उकळण्याचा प्रचार चालू ठेवा.
भिंगवाली आज आली नाही. तिच्या घरी गेले नाही. वाट तळ्यावरून जाते, माझी हिंमत —

सोमवार, १८ मार्च
दुखत नाही. गार वाटतं. सुतार खरं बोलत होता.
यांना फोन केला, येऊ नका म्हणायला. वाक्य कागदावर लिहून समोर ठेवलं होतं. फोन ठेवल्यावर कळलं मी काय बोलले. उद्याच या म्हणाले. चिऊला आणा म्हणाले, इथलं पाणी गोड आहे. पुन्हा लावला. पुन्हा तेच.
हात अजून माझा आहे. जीभ नाही.

मंगळवार, १९ मार्च
दाराला आतून कडी. पाय खाटेला बांधलाय, तीन गाठी. दात लावायचे नाहीत. लावायचे —

दुपार. दार वाजतंय. हे आले. चिऊचाही आवाज होता. तोंडात पदराचा बोळा कोंबलाय.

पान फाडून दाराखालून सरकवलं — पाण्याला शिवू नका, तिला घेऊन आत्ता परत जा. त्यांनी मोठ्याने वाचलं. म्हणाले, अगं हे काय, आत्ताच तर तू आतून चिऊला सांगितलंस, तहान लागलीय म्हणून. ती तांब्या घेऊन गेलीसुद्धा —

बोळा खाली पडलाय. कधी —

हाक मारली. परत ये म्हणणार होते, देवाशपथ परत ये म्हणणार होते, पण तोंडातून निघालं, अजून पुढे जा बाळा, आत पाणी ग