ज्ञानेश्वरीचा बायोडाटा आणि दुकानातलं लिनक्स

शेवगाव, मंगळवार

रविराजराव,

तुम्हाला आणि वहिनींना आदिनाथचा मनापासून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? इकडे तब्येती ठीक, फक्त माझं बूड एका जागी टेकत नाही. एवढं लिहीपर्यंत चारदा उठलो. पत्र अशासाठी, की फोनवर बोललो तर तुमच्या ताई माझ्या आधी उत्तरं देतात.

गेल्या आठवड्यात ज्ञानेश्वरीनं आपल्या खतांच्या दुकानातल्या कॉम्प्युटरमधून विंडोज काढून लिनक्स घातलं. म्हणाली, आप्पा, मशीन जुनं झालंय, यावर पळेल. पळतंय, खोटं कशाला बोलू. पण कोणतं कोणाला मानवतं हे बघायला नको का? विंडोज माझ्यासारख्याला. गिऱ्हाईक युरियासाठी ताटकळत असताना ते अपडेटला बसतं, मी शिव्या देतो, चहा पिऊन येतो, आमचं दोघांचं जमून गेलंय. ॲपलचं तुमच्या हर्षलला (दुसऱ्याची वायरसुद्धा त्याला चालत नाही, मागच्या दिवाळीत पाहिलं ना). आणि लिनक्स त्यांना, ज्यांना चांगली चालू मोटर खोलून बघितल्याशिवाय जेवण जात नाही. आपली पोरगी त्यातली. मी पडलो गिऱ्हाइकाच्या घाईतला माणूस, मला खोलून काय बघायचंय.

तर त्या कॉम्प्युटरवर तिचा लग्नाचा बायोडाटा होता, पत्रिका छापणाऱ्याकडून जुन्या मराठी फॉन्टमध्ये करून आणलेला. नेवाशाच्या पाहुण्यांनी तो मागितला आणि तुमच्या ताईंनी कागदाकडे न बघता दुकानातूनच छापून पाठवून दिला. लिनक्सवर तो फॉन्टच नाही. वडिलांच्या नावाच्या जागी तीन कंस, जन्मवेळेला टक्क्याची खूण, आणि मामा म्हणून तुम्ही नुसते एक स्वल्पविराम. पाहुणे सभ्य, त्यांनी एवढंच विचारलं की मुलगी परदेशात शिकली का. रविवारी ते येणार, त्याआधी नीट कागद हवा. ताई माझ्याशी बोलत नाहीत, जणू अक्षरं मीच खाल्ली. तेव्हा शनिवारी विंडोज घेऊन याच, माझा जीव टांगणीला लागलाय.

आपला,
आदिनाथ

ता.क. हे पत्र ज्ञानेश्वरीनं वाचलं. फॉन्ट नाही हे तिला आधीपासून ठाऊक होतं. म्हणाली, "आप्पा, फॉन्ट मी दोन मिनिटांत टाकते. पण पुण्याला एम.एस्सी.ला माझा नंबर लागलाय, शुक्रवारपर्यंत प्रवेश घ्यायचाय. घरात, त्यातून आईला, सांगायची हिंमतच होईना." आणि रडायला लागली. मला फार वाईट वाटलं. पोरीला बापाशी बोलायला कॉम्प्युटर बदलावा लागला.

ता.क. २. गनीभाईंचा टेम्पो तुमच्याकडे संगमनेरला निघालाय, पत्र त्यातूनच पाठवतोय, म्हणून थोडक्यात. विंडोज आणू नका. नेवाशाच्या पाहुण्यांना मी येऊ नका म्हणून कळवलंय, हे तुमच्या ताईंना अजून माहीत नाही. त्या माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात. लग्नात भाचीमागं उभं राहायचा मान तुमचाच, पण त्याला आता दोन वर्षं लागतील. तोवर गुरुवारची पहिली एसटी पकडा. मी घरी नसेन, दुकानात असेन.