बाबांचा सिलिंडर

दादा,

रात्रपाळी करून आलायस, म्हणून उठवलं नाही. बाबांचा ऑक्सिजनचा सिलिंडर न्यायला अकराला माणूस येईल. आज तरी त्याला परत पाठवू नकोस. हाताचं ग्रीस धुतल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावू नकोस, भडका उडेल.

बाबांना जाऊन महिना झाला, तरी आई रोज दुपारी तो सिलिंडर सुरू करून बसते. म्हणते, "आवाज आला की वाटतं, ते श्वास घेतायत." काल तर शेजारी मेणबत्ती पेटवली होती! मी धावत गेले. ती विझवली, खिडक्या उघडल्या, व्हॉल्व्ह घट्ट बंद केला.

तरी श्वासाचा आवाज बराच वेळ येत होता. आईवर रागावू नकोस, मीसुद्धा ऐकलाय.

छोटी